दूध पुरतंय का?

माझी लेक 24 डिसेंबरच्या सकाळी जन्मली. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत भेटायला येणारी प्रत्येक बाई, मग ती सख्खी आत्या असो की वरच्या मजल्यावरच्या काकू, दाराशी चपला काढून, हातपाय धुऊन, दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाकडे एकदा डोळे भरून पाहून घेई आणि मग आवाज खाली आणून मला विचारी, "दूध पुरतंय का गं?"

त्या प्रश्नात माया होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही पहिले दहा दिवस तो ऐकला की माझ्या पोटात गोळा येई, कारण त्याचे उत्तर मला ठाऊक नव्हते आणि ते कसे शोधायचे असते हे विचारणाऱ्यांपैकी कुणीच सांगत नव्हते. ज्यांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे अशा मैत्रिणींसाठी मी हे लिहीत आहे. उत्तर शोधता येते, त्यासाठी दोन डोळे, एक वही आणि वजनकाटा पुरतो, एवढे मला कुणीतरी आठव्या महिन्यातच सांगायला हवे होते.

माझे माहेर पंचवटीत आणि सासर नाशिकरोडला. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज दोन्ही घरांनी सहज पाळला. नवरा रोज संध्याकाळी कामावरून सुटला की द्वारका चौकातल्या गर्दीतून वाट काढत आमच्याकडे येई आणि रात्री उशिरा परत जाई, कधी राहून जाई. घरात आई, बाबा आणि वयाची ऐंशी ओलांडलेली माझी आजी. बाळंतिणीची खोली म्हणून मागच्या बाजूची, वारा न लागणारी खोली आईने महिनाभर आधीच तयार करून ठेवली होती, कारण नाशकातली पौषातली थंडी काय असते हे तिला चांगले ठाऊक होते.

शस्त्रक्रियेने बाळंतपण झाले. बाळाचे वजन 2,900 ग्रॅम भरले. जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत बाळाला अंगावर घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि मीही ते वाचून ठेवले होते. टाके घालणे, खोलीत आणणे यांत माझे जवळजवळ तीन तास गेले, आणि हुकलेल्या त्या दोन तासांची रुखरुख मी नंतर कितीतरी दिवस बाळगली. पहिला घट्ट, पिवळसर चीक जेमतेम काही थेंब आला. आजी म्हणाली, "आमच्या वेळी हे पिळून टाकून द्यायच्या गं, खराब दूध म्हणून." तो चीक म्हणजे बाळाला मिळणारे पहिले संरक्षण, त्यात रोगप्रतिकारक घटक ठासून भरलेले असतात, हे आता बहुतेकांना माहीत झाले आहे. पण त्याचे थेंबच का येतात, हे मला तेव्हा माहीत नव्हते. पहिल्या दिवशी नवजात बाळ एका वेळेला साधारण पाच ते सात मिलिलिटर, म्हणजे चहाचा एखादा चमचाभरच पिऊ शकते. निसर्गाने पोट तेवढेच दिले आहे आणि चीकही तेवढाच. खरे दूध भरून यायला दुसरा ते पाचवा दिवस उजाडतो, आणि शस्त्रक्रिया झाली असेल तर थोडा उशीरही होतो. हे कळले असते तर दुसऱ्याच दिवशी "मला दूध येतच नाही" हे वाक्य मी स्वतःबद्दल उच्चारले नसते.

तिसऱ्या दिवशी बाळाचे अंग पिवळे दिसू लागले. रक्त तपासले, कावीळ जरा वरच्या पातळीला होती, म्हणून तिला एका रात्रीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवले. नवजात बाळांत हे पुष्कळदा घडते आणि त्या दिव्याने बरेही होते. घाबरण्यासारखे त्यात काही नाही. मला लागले ते निराळेच. पहाटे मी तिला पाजायला म्हणून भिंतीला धरून हळूहळू चालत गेले, तेव्हा कळले की रात्री दोनदा तिला बाटलीने वरचे दूध पाजून झाले होते. मला कुणी उठवले नव्हते, विचारलेही नव्हते. "तुम्हाला झोप मिळावी म्हणून," असे सांगण्यात आले. ती पोट भरून गाढ झोपली होती आणि माझे स्तन त्याच सकाळी दगडासारखे घट्ट होऊन आले होते. दूध आले होते, पण ते प्यायला कुणी जागे नव्हते. त्या पहाटेचा राग माझ्या मनातून अजून पूर्ण गेलेला नाही. कारण वरचे दूध देण्याची वेळ खरोखर आलीच असेल, तर ते आईला सांगून द्यावे आणि तिचे स्वतःचे दूध त्याच वेळी हाताने काढून घ्यायला तिला मदत करावी, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो. आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्यानंतरचे तीन दिवस मला सलग आठवत नाहीत. आठवते ती टाक्यांची ओढ, स्तनाग्रांना पडलेल्या चिरा आणि बाळाला जवळ घेताना दुखण्याच्या भीतीने आपोआप आखडणारे पायाचे अंगठे. लेक अर्धा-अर्धा तास ओढत राही, मग थकून झोपी जाई, आणि वीस मिनिटांत पुन्हा रडत उठे. ओढताना तिच्या दोन्ही गालांना खोल खळ्या पडत. त्या खळ्यांचे घरात फार कौतुक झाले. सासूबाई आल्या तेव्हा त्यांनी "आमच्या वन्संवर गेली," असे म्हणून तिच्या गालाला तीट लावली. पिताना तिच्या तोंडातून टच, टच असा आवाज येई आणि मला वाटे, तो दूध पिण्याचाच आवाज आहे.

1 जानेवारीला बालरोगतज्ज्ञांनी तिला काट्यावर ठेवले. 2,610 ग्रॅम. जन्मवजनापेक्षा बरोबर दहा टक्के कमी. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरतेच, सात-आठ टक्क्यांपर्यंत उतरले तरी सहसा चिंता करत नाहीत आणि दहा ते चौदा दिवसांत ते जन्मवजनाला परत येते. पण आठव्या दिवशी वजन वर चढू लागलेले असायला हवे होते, ते खालीच होते. डॉक्टरांचा आवाज शांत होता. दर दोन तासांनी उठवून पाजा, पाजून झाल्यावर उरलेले दूध हाताने काढून वाटी-चमच्याने द्या, 48 तासांनी पुन्हा दाखवायला या, आणि ती सुस्त पडली, प्यायला उठेनाशी झाली किंवा लघवी कमी झाली तर त्याआधीच या, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी एक वाक्य जोडले, ज्याचे मोल मला दुसऱ्या दिवशी कळले: "दूध कमी आहे की बाळाला ते ओढता येत नाहीये, हे आधी कुणीतरी बघायला हवं."

ते बघणारे माणूस आमच्याच इमारतीत राहत होते. तळमजल्यावरच्या एक निवृत्त परिचारिका, ज्यांना सगळी इमारत सिस्टर मावशी म्हणते, मुंबईला पालिकेच्या रुग्णालयांत नवजात बाळांच्या कक्षात वर्षानुवर्षे काम करून निवृत्तीनंतर नाशकात आल्या आहेत. शीवच्या रुग्णालयात 1989 साली डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी आईच्या दुधाची पेढी सुरू केली, आशियातली पहिली, तो काळ त्यांनी जवळून पाहिलेला. एका आईचे जास्तीचे दूध दुसरीच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला कसे तारून नेते, हे त्या सांगत, तेव्हा त्यांच्या बोलण्यात दुधाबद्दल एक वेगळाच आदर जाणवे. आईने त्यांना निरोप धाडला आणि त्या सकाळी दहा वाजता, बाळाच्या पाजण्याच्या वेळेला आल्या.

आल्या त्या हात धुऊन पलंगाच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "तू नेहमी पाजतेस तशीच पाज. मी काही बोलणार नाही." पाच मिनिटे त्या खरोखरच काही बोलल्या नाहीत. चष्मा कपाळावर चढवून नुसत्या बाळाच्या जबड्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी बोटाने बाळाच्या गालावरची ती खळी मला दाखवली. "ही बघ. ही खळी पडते म्हणजे ती नुसतं टोक चोखतेय. आणि हा टच-टच आवाज म्हणजे पकड सुटतेय. दूध गिळल्याचा आवाज असा नसतो." ज्या खळीची सगळ्या घराने दृष्ट काढली होती, ती माझ्या लेकीची उपासमार होती, हे ऐकताना मला रडू कोसळले. मावशींनी मला रडू दिले. मग करंगळी अलगद बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून तिची पकड सोडवली आणि म्हणाल्या, "दूध तुझं भरपूर आहे. आता तिला शिकवू."

पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून त्यांनी माझ्या बाजूला दोन उशा रचल्या आणि बाळाला माझ्या काखेखाली अशा रीतीने धरायला लावले की तिचे पाय माझ्या पाठीकडे, तिचे पोट माझ्या कुशीला चिकटलेले आणि कान, खांदा, कंबर एका रेषेत राहतील. माझा तळवा तिच्या मानेला आणि खांद्यांना आधार देत होता, डोके दाबत नव्हता. तिचे नाक स्तनाग्रासमोर आले. मी नेहमीच्या सवयीने स्तन पुढे करू लागले, तशी मावशींनी माझे मनगट धरले. "थांब. तिला तोंड उघडू दे. अजून नाही. अजून नाही." स्तनाग्र तिच्या वरच्या ओठाला हलकेच टेकत राहिले, ती चुळबुळली, आणि मग जांभई द्यावी तसे तिने मोठे तोंड उघडले. "आता," असे म्हणून मावशींनी बाळालाच माझ्याकडे आणले. आधी हनुवटी टेकली, मग खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला, स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग खालून जवळजवळ सगळा तिच्या तोंडात गेला आणि वरून थोडा दिसत राहिला. पहिला क्षण दुखले, नंतर दुखणे थांबले. गाल भरलेले, गोल, खळी नाही. ती भरभर चार-पाच वेळा ओढायची, मग लय संथ व्हायची, हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबायची आणि घशातून एक अगदी बारीक आवाज यायचा, श्वास सोडल्यासारखा. "ऐकलंस?" मावशी म्हणाल्या. "हे गिळणं." दुसऱ्या बाजूच्या स्तनातून दूध आपोआप ठिबकून माझी ओढणी ओली झाली. मी तोवर पान्हा फुटणे हा शब्द पाळण्याच्या गाण्यांतूनच ऐकलेला होता.

जाता जाता त्यांनी एक वही करायला सांगितली. नवऱ्याने त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर पानी वही आणली आणि पट्टीने रकाने आखले: वेळ, कुठली बाजू, शू, शी. हिशेब सोपा आहे. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर 24 तासांत सहा किंवा त्याहून अधिक लंगोट चांगले ओले व्हायला हवेत आणि लघवीचा रंग फिकट असायला हवा. पहिल्या दिवसांतली काळी, चिकट शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत मोहरीसारखी पिवळी, पातळसर व्हायला हवी. दिवसरात्र मिळून पाजणे आठ ते बारा वेळा. आणि आठवड्याने काटा: वजन सावरल्यावर रोजची 20 ते 30 ग्रॅमची भर. बाळाच्या पोटात किती गेले हे आईला दिसत नाही, पण बाहेर किती आले हे मोजता येते, आणि आत गेल्याशिवाय बाहेर येत नाही. कागदी डायपर ओला आहे की नाही हे नवशिक्या हाताला कळत नाही, म्हणून आम्ही ते पंधरा दिवस सुती लंगोटच वापरले. आईच्या हातांना थंड पाण्यात भेगा पडल्या, तरी तिने एकही लंगोट वहीत नोंदवल्याशिवाय बादलीत टाकला नाही. 3 जानेवारीला काटा 2,660 वर होता. 8 जानेवारीला 2,830. त्या दिवशी डॉक्टरांनी चमच्याने द्यायचे दूध थांबवायला सांगितले.

यामागची रीत मला नंतर नीट उमगली, आणि ती प्रत्येक घरात माहीत असायला हवी असे मला मनापासून वाटते. दूध हे आधी साठवून मग वाढायचे अन्न नाही. बाळ ओढते तेव्हा आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन स्रवते आणि दूध तयार होते, ऑक्सिटोसिन स्रवते आणि पान्हा फुटतो. स्तन रिकामे झाले तर शरीर अधिक तयार करते, भरलेलेच राहिले तर शरीर हात आखडता घेते. म्हणून प्रत्येक अनाठायी बाटली ही शरीराला पाठवलेली "आता नको" अशी चिठ्ठी असते. दुखणे, भीती आणि अपमान यांनी ऑक्सिटोसिन अडते. ज्या घरात बाळंतिणीला दिवसातून पाच वेळा "पुरतंय का" असे विचारतात, त्या घरात पान्हा अडायला तो प्रश्नही कारण होऊ शकतो.

आता आजीबद्दल. तिने माझ्यासाठी जे केले ते मी फेडू शकणार नाही. पहाटे उठून बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, शेपूची भाजी, दुपारी अळिवाची खीर, चार वाजता डिंकाचा लाडू, जेवणानंतर बाळंतशोप. अळिवात लोह भरपूर असते आणि शस्त्रक्रियेत रक्त गेलेल्या बाईला ते हवेच असते. दूध मात्र बाळाच्या ओढण्याने येते, खिरीने नाही, असे डॉक्टर म्हणाले. ते शास्त्राला धरून असेल, तरी गरम वाटी हातात देऊन कुणी समोर बसून राहते, तेव्हा खांदे सैल होतात आणि सैल खांद्यांनी पाजणे सोपे जाते, हे मी अनुभवले आहे. मालिश करणाऱ्या मावशी रोज नऊला येत. त्यांनी माझी पाठ अशी काही चोळली की मला दुपारी तास-दोन तास झोप लागू लागली. बाळाला शेगडीवर ओवा-वावडिंगाची धुरी देणे मात्र आईने पहिल्याच दिवशी बंद केले. धूर तो धूर, इवल्या फुप्फुसांना तो सोसत नाही. थंडीसाठी टोपडे, मोजे आणि माझ्या उघड्या छातीवर तिला ठेवून वरून घेतलेली आजीची गोधडी, एवढे पुरले.

अवघड गेले ते घुटीचे. आजीने जुन्या नाशकातल्या काष्ठौषधींच्या दुकानातून सगळे आणवून ठेवले होते: हिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, सुंठ, खारीक, बदाम. सहाण तिच्या सासूची. तिने माझ्या बाबांना याच सहाणेवर उगाळून घुटी दिली होती, मलाही दिली होती. बारशाच्या दुसऱ्या दिवशी ती सहाण घेऊन खोलीत आली आणि मला नाही म्हणावे लागले. सहा महिने फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे रोज 400 आययूचे थेंब आणि गरज पडली तर औषध, याखेरीज काही नाही, असे मी तिला सांगितले. मधाचे बोट तर वर्षभर नाही, कारण मधात असू शकणाऱ्या जंतूंचे बीजाणू एवढ्या लहान आतड्यांत वाढून जिवावर बेतू शकतात. आजी काही बोलली नाही. तिने सहाण पदराने पुसली आणि उलटी करून फडताळात ठेवली. तिचा तो पाठमोरा हात मला दिवसभर दिसत राहिला. मी चूक केले असे मला वाटत नाही. पण चार पिढ्यांची माया ज्या एका भांड्यात उतरते ते भांडे परत पाठवताना आवाज मऊ ठेवायला हवा होता, आणि त्या दिवशी मी थकलेली होते.

वरच्या दुधाचा एक डबाही घरात आला होता. आठव्या दिवशीच्या वजनाने घाबरून नवरा तो घेऊन आला. आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पर्यायांची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे, आणि आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम आहे हे वाक्य त्याच डब्यावर छापणे त्याच कायद्याने बंधनकारक आहे. नवऱ्याने ते वाक्य मला वाचून दाखवले आणि डबा कपाटावर ठेवून दिला. आम्हाला तो उघडावा लागला नाही. माझ्या मामेबहिणीला मात्र प्रसूतीनंतरच्या गंभीर आजारपणात डॉक्टरांच्या सांगण्यावरून तोच मार्ग धरावा लागला होता. तिचा मुलगा आज धडधाकट आहे आणि तिच्या आईपणात तसूभर उणे नाही. गरजेला दिलेले वरचे दूध हे औषधासारखे आहे. माझी तक्रार न पाहता, न मोजता, न विचारता दिलेल्या बाटलीबद्दल आहे.

सगळे सुरळीत झाले असे वाटत असतानाच संक्रांत आली. घरात तिळगूळ घ्यायला येणाऱ्यांची वर्दळ, गच्चीवर पतंग, आणि लेकीला आत्याने पाठवलेले हलव्याचे इवलेसे दागिने. त्या संध्याकाळी सहा ते साडेदहा ती माझ्या अंगावरून उतरायलाच तयार होईना. दहा मिनिटे प्यायची, सोडायची, रडायची, पुन्हा मागायची. स्तनही आता पूर्वीसारखे घट्ट न लागता मऊ लागत होते. हळदीकुंकवाला आलेल्या एका काकूंनी दारातूनच निदान केले, "दूध आटलं वाटतं." माझा हात कपाटावरच्या डब्याकडे गेला असता. पण वही उशाशी होती. सकाळपासून सात लंगोट, दोनदा शी. आदल्या दिवशी नऊ. दुपारीच काट्यावर 3,040 भरले होते. मी सिस्टर मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा सहाव्याच्या आसपास बाळे संध्याकाळी अशी सारखी मागतात, शरीराला वाढीव मागणी नोंदवतात. एक-दोन दिवस देत राहा. आणि मऊ स्तन म्हणजे आटलेले दूध नसते, शरीराला बाळाच्या गरजेचा अंदाज आला, एवढाच त्याचा अर्थ. दोन दिवसांनी ती संध्याकाळी पुन्हा झोपू लागली.

रात्रींबद्दल थोडे. दूध बनवणारे प्रोलॅक्टिन रात्री अधिक असते, म्हणून रात्रीचे पाजणे टाळून चालत नाही. नवरा राहायचा त्या रात्री लंगोट बदलणे, बाळाला माझ्याजवळ आणून देणे, खांद्यावर घेऊन ढेकर काढणे आणि वहीत लिहिणे हे सगळे तो करी. माझे काम फक्त पाजणे. त्याचे अक्षर पहाटे तीनच्या नोंदींत वाकडे होत गेलेले आहे, एका ठिकाणी तर नुसती रेघ ओढून पेन खाली घसरलेले दिसते. पहिल्या आठवड्यात मला दिवसातून चार-चार वेळा कारण नसताना रडू येई. पुष्कळ जणींना येते आणि बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. माझेही ओसरले. ज्यांचे ओसरणार नाही, ज्यांना बाळाकडे पाहावेसेही वाटणार नाही, त्यांनी ते घरात लपवून ठेवू नये आणि घरच्यांनी "सगळ्यांनाच होतं" म्हणून झटकू नये. त्यावर उपचार आहेत आणि ते डॉक्टरांकडे मिळतात.

सहा आठवडे पूर्ण झाले तेव्हा तिला लसीकरणाला नेले. पोलिओचे आणि रोटाव्हायरसचे थेंब, मग दोन्ही मांड्यांना एकेक आणि दंडाला एक सुई. काट्याने 3,640 दाखवले. सुया टोचताना मी तिला अंगावर घेऊनच बसले होते, तशी परवानगी मी आधीच मागून ठेवली होती, कारण पिताना बाळाला सुईचे दुखणे कमी जाणवते. पहिल्या सुईला ती किंचाळली, दुसऱ्यालाही, तिसऱ्यानंतर काही क्षणांत तिचा जबडा पुन्हा त्या संथ लयीत हलू लागला.

संध्याकाळी तिला थोडी कणकण होती. आजी काठी टेकत खोलीत आली, पलंगावर बसली, बाळाच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग उशाशी ठेवलेली वही तिने उचलून डोळ्यांजवळ धरली. तिला माझे बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून ती माझ्याकडे वळली.

"आज लंगोट किती झाले गं?"

"आठ," मी म्हणाले.

तिने मान हलवली, चष्मा काढला आणि बाळाच्या टाळूवर तेलाचे बोट फिरवू लागली.